झरोका कुणी बुजवला?

(पनवेलमध्ये वस्त्यांवर काम करणाऱ्या मैत्रिणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून सकाळी काही जणी हसल्या. 'शेगडी, गीझर आणि आपला श्वास.' एक ताई म्हणाल्याही, की हे तर गॅस एजन्सीवाल्यानं सांगायचं काम. आपण मारहाण, पोटगी, रेशन, दारू यांवर बोलतो. यात बाईच्या हक्काचं काय आलं?

प्रश्न रास्त आहे. घरात जिथे जाळ पेटतो तिथे बहुतेक वेळा बाई उभी असते, बसलेली असते, नाहीतर बाळंतीण होऊन निजलेली असते. त्या जाळातून निघालेली हवा घराबाहेर जाते की तिच्या छातीत जाते, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यांतली एकही तिला विचारून ठरलेली नसते. न्हाणीघर कुठे काढायचं, खिडकी केवढी ठेवायची, ती कुठे उघडायची, गीझर कुठे लावायचा, हे बिल्डर ठरवतो, घरमालक ठरवतो, मिस्त्री ठरवतो, घरातला पुरुष ठरवतो. ती चक्कर येऊन पडली की मात्र सगळे एकच म्हणतात, 'हिनंच काळजी घेतली नाही.' म्हणून हा आपला विषय आहे.

गळती दोन प्रकारची

गॅसची गळती म्हटलं की आपल्याला वास आठवतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. तो वास आला की आपण रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो, विजेचं बटण दाबत नाही. हे आता बहुतेक जणींना पाठ आहे.

दुसरी गळती असते जळून गेलेल्या गॅसची. म्हणजे जाळाच्या धुराची, उत्सर्जनाची. लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे त्या हिमोग्लोबिनला चिकटतो. मग श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मळमळ, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं, काही सुचेनासं होतं. दार उघडून बाहेर यावं हेही सुचत नाही, आणि माणूस तिथेच कोसळतो.

तेव्हा आजची पहिली गोष्ट मनात पक्की करा. वास नाही म्हणजे धोका नाही, हे फक्त पहिल्या गळतीपुरतं खरं. दुसऱ्या गळतीला आपलं नाक उपयोगाचं नाही. बाजारात मिळणारा स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्मही तिथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, घेताना तसं विचारून, वाचून घ्यावा लागतो.

बाळंतिणीची शेगडी

आपल्याकडे घर ऊबदार ठेवायला शेगडी पेटवायची वेळ क्वचित येते. दिल्ली, पंजाब, काश्मीरकडून मात्र दर थंडीत बातम्या येतात, की बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक असेच गेले. त्यांत चार मुलं होती. थंडी फार, म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. आपल्याला वाटतं, हे थंड मुलखातलं, पनवेलच्या घामट हवेत याचा काय संबंध?

पण आपल्याकडेही एक खोली अशी असते, जिथे भर मे महिन्यातसुद्धा शेगडी पेटते आणि दार-खिडकी बंद होते. ती बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर बाळंतीण, कुशीत बाळ, खिडकीला गोधडी अडकवलेली, दाराला पडदा. बाळंतिणीला वारा लागू नये, अंग धरू नये, बाळाला सर्दी होऊ नये म्हणून हे सगळं. वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपाची धुरी.

मी या रीतीची टिंगल करणार नाही. बाळंतपणानंतर बाईला निदान सव्वा महिना तरी ऊब, विश्रांती आणि कुणाचा तरी हात मिळावा, एवढा चांगला विचार त्यात आहे. अनेक जणींना उभ्या आयुष्यात तेवढीच विश्रांती मिळते. आपला वाद शेकाशी नाही, बंद खोलीतल्या निखाऱ्याशी आहे.

इथे एक समजूत फार घात करते. शेगडी अंगणात पेटवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, निखारे लालबुंद झाले की आत आणायची. धूर गेला म्हणजे वाईट ते गेलं असं आपल्याला वाटतं. खरं तर धूर जाऊन निखारा धुमसत राहतो तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि राख होईपर्यंत निघत राहतो. धूर असतो तेव्हा डोळे चुरचुरतात, आपण खिडकी उघडतो. निखारा काहीच सांगत नाही. बाळ लहान, त्याचा श्वास भरभर, त्यामुळे त्याच्या अंगात विष लवकर भिनतं. बाळंतीण रक्त गेल्यानं आधीच अशक्त. तिला गरगरलं तर म्हणतात 'ओली बाळंतीण आहे, असं व्हायचंच.' बाळ झोपाळू झालं तर म्हणतात 'शेकानं छान झोप लागली.'

घरोघरी जाल तेव्हा सासूबाईंना किंवा मालीश करणाऱ्या मावशींना 'हे बंद करा' म्हणून सुरुवात करू नका. त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं की त्या ऐकणार नाहीत. ऊब ठेवा, जाळ बाहेर ठेवा, एवढंच सांगा. शेगडी ओसरीवर किंवा पडवीत, कापड तिथे गरम करायचं आणि आत नेऊन शेकायचं. रबरी पिशवीत गरम पाणी, तेही कापडात गुंडाळून. तव्यावर गरम केलेली पुरचुंडी, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलेली. बाळाला आईच्या उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घालायचं. दवाखान्यात याला कांगारू मदर केअर म्हणतात, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी तर जागतिक आरोग्य संघटना हीच पद्धत सुचवते. वारा लागू नये म्हणून बाज खिडकीसमोरून हलवा, पण खिडकी उघडी राहू द्या.

न्हाणीघरातला पाच शेगड्यांचा जाळ

आता आपल्या इमारतींकडे येऊ. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर, आणि गावठाणातल्या भाड्याच्या खोल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे गॅसचे गीझर भराभर आले. विजेचं बिल परवडत नाही, गॅसवर पाणी लगेच तापतं, म्हणून लोक घेतात. त्यात चूक काही नाही. तो लावतात कुठे, हे पाहायचं.

थोडा हिशेब करू. नेहमीचा सहा लिटरचा गॅस गीझर पूर्ण चालू असताना स्वयंपाकाच्या पाच-सहा बर्नरएवढा गॅस जाळतो. दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. आपलं न्हाणीघर केवढं? चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. म्हणजे साडेपाच घनमीटरपेक्षाही कमी. दार-झरोका बंद असेल तर दहा मिनिटांत तिथल्या हवेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग या यंत्राच्या पोटात गेला. जळून निघालेली हवा त्याच खोलीत परत आली. जसजशी हवा खराब होते तसा जाळही बिघडतो आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. म्हणून पहिली पाच मिनिटं काही होत नाही आणि नंतर एकदम होतं.

आता या हिशेबात बाई कुठे आहे ते बघा. सकाळी आधी कामावर जाणारा पुरुष अंघोळ करतो, मग मुलं, मग सासू-सासरे. घरातली सून बहुधा सगळ्यांच्या शेवटी. तोवर गीझर लागोपाठ चाललेला असतो. ती आत जाते ती नुसत्या अंघोळीला जात नाही. बादलीभर कपडे धुते, मोरी घासते, तान्ह्याला न्हाऊ घालते, डोक्यावरून पाणी घेते. गीझर चालू, दाराला कडी. घरातली सर्वांत वापरलेली हवा तिच्या वाट्याला येते, आणि सर्वांत जास्त वेळ. ती गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला धोका आणखी मोठा, कारण बाळाच्या रक्तात हा वायू अधिक घट्ट धरून राहतो आणि निघायला जास्त वेळ लागतो.

झरोका का बुजतो?

हे सांगितलं की सगळे म्हणतात, 'मग सोपं आहे, झरोका उघडा ठेवा.' मैत्रिणींनो, ते सोपं नाही, आणि आज मला मुख्यतः यावरच बोलायचं आहे.

वस्तीत फिरताना मी न्हाणीघराचे झरोके बघत असते. कुठे वर्तमानपत्र चिकटवलेलं, कुठे प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली, कुठे काचेच्या पट्ट्यांवर आतून रंग फासून त्या कायमच्या बंद केलेल्या. घरातल्या बाईला विचारलं की उत्तर एकच. झरोका गॅलरीत उघडतो, नाहीतर जिन्यात, नाहीतर शेजारच्या गच्चीकडे. येणारा-जाणारा वाकून बघतो. आता तर हातात मोबाइल असतो, वर धरला की झालं. कुणी तक्रार केली तर तिलाच विचारतात, 'तू झरोका उघडा का ठेवलास?'

म्हणजे बघा, एकीकडे बघणाऱ्याची भीती, दुसरीकडे गुदमरण्याची. बाई अब्रू निवडते, कारण अब्रू गेली तर लोक बोलतात आणि हवा गेली तर कुणी बोलत नाही. तिला जाऊन 'खिडकी उघडी ठेव' म्हणून सांगणं म्हणजे दोन धोक्यांपैकी एक तिनंच पत्करावा असं सांगणं. कडीचंही तसंच आहे. सुरक्षिततेची पत्रकं म्हणतात, दाराला आतून कडी लावू नका. ज्या घरात मुलीला दिराची, सावत्र बापाची, घरमालकाच्या पोराची भीती आहे तिथे ती कडी लावणारच, आणि लावावी. कडी हा तिचा हक्क आहे. म्हणून आपण मागायचं ते हे, की गीझर न्हाणीघराच्या बाहेर लावा. बाहेर म्हणजे उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या भिंतीवर. बोळातल्या बंद कोपऱ्यात नव्हे, आणि माणसं झोपतात त्या खोलीत तर नव्हेच. आत फक्त पाण्याचा नळ यावा. मग तिनं कडी लावली, झरोका झाकला, तरी जीव जाणार नाही.

तोवर काय करायचं? झरोका डोळ्याच्या उंचीच्या पुष्कळ वर घ्यायचा. त्यात बंद न करता येणाऱ्या, बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या तिरक्या झडपा बसवायच्या. हवा जाते, नजर येत नाही. दाराच्या खालच्या भागात तशाच तिरक्या झडपा किंवा तळाला चार बोटं मोकळी जागा. खालून ताजी हवा आत, वरून वापरलेली हवा बाहेर, अशा दोन वाटा हव्यात. एकीनं भागत नाही. वरची वाट मोकळ्या आकाशाकडे उघडली पाहिजे, बंद डक्टमध्ये नव्हे. एवढं करूनही आत बसवलेला गीझर पुरता सुरक्षित होत नाही. त्यावर एकच उपाय. बादली भरायची, गीझर बंद करायचा, दार पाच-दहा मिनिटं सताड उघडं ठेवायचं, मग आत जायचं. गीझर चालू ठेवून अंघोळ नाही, कपडे नाहीत, बाळाचं न्हाणं नाही.

घरी गेल्यावर तपासायचं ते

हे लिहून घ्या. क्रमही असाच ठेवा.

पहिलं, कच्च्या गॅसची गळती. वास येत असेल तर काहीही पेटवायचं नाही, तपासणीही करत बसायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. वास नसेल तर साबणाचा फेस नळीला आणि जोडांना लावून बघायचा. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

दुसरं, जाळाचा रंग. गीझरच्या खिडकीतून ज्योत निळी, स्थिर दिसली पाहिजे. पिवळी, फडफडणारी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे जाळ अर्धवट. गीझरच्या अंगावर, वरच्या भिंतीवर काळा पट्टा दिसला तरी तेच समजायचं. ज्योत निळी आहे म्हणून मात्र निर्धास्त व्हायचं नाही. बंद खोलीत निळी ज्योतही हवा खातेच.

तिसरं, धुराची नळी. काही गीझरना वरून नळी असते. ती कुठे जाते ते डोळ्यांनी जाऊन बघायचं. नळी बसवली पण टोक माळ्यावरच सोडलं, असं मी पाहिलं आहे. जोड सुटलेले, नळी मध्येच खाली वाकलेली, तोंडाशी पक्ष्याचं घरटं, यांतलं काहीही चालत नाही.

चौथं, उदबत्तीची परीक्षा. पहिली परीक्षा पार पडल्यावरच ही करायची. एरवी न्हाताना असतात तशा खिडक्या-दारं ठेवून गीझर पाच मिनिटं चालवायचा, पण आपण आत थांबायचं नाही. मग दार उघडून, दुसरी बाई बाहेर उभी करून, पेटती उदबत्ती नळी जिथे गीझरला जोडली आहे तिथल्या फटीजवळ धरायची. धूर आत ओढला गेला तर नळी हवा खेचते आहे. धूर आपल्या तोंडावर आला तर विषारी हवा घरात येते आहे, गीझर त्या क्षणी बंद. स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट पंखा लावून हीच परीक्षा पुन्हा करायची. खिडक्या बंद असल्या की तो पंखा गीझरची हवा उलटी घरात ओढतो. गीझरला नळीच नसेल तर परीक्षेची गरज नाही. त्याची सगळी हवा खोलीतच येते, म्हणून त्याची जागा बाहेरच.

पाचवं, आपलं शरीर. घरात असताना डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की थांबतं का? अंघोळीनंतरच गरगरतं का? एकाच सकाळी घरातल्या दोघी-तिघांना मळमळतं का? हे प्रश्न यंत्रापेक्षा आधी सांगतात.

मेकॅनिककडून वर्षाला एकदा तपासणी करून घ्या. नवा घेताना आयएसआय खूण बघा. मेकॅनिक आला की बाईनं समोर उभं राहायचं आणि हेच प्रश्न विचारायचे. 'साहेब घरी असताना या' म्हणून त्याला परत पाठवायचं नाही.

'फिट येते' म्हणून परत पाठवलेली सून

आमच्याकडे एक मुलगी आली होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तीन महिन्यांत तिला तीनदा झटका आला, शुद्ध हरपली. मेंदूचा फोटो काढला, काही निघालं नाही, तरी गोळ्या सुरू झाल्या. सासरचे म्हणाले, आधीपासून फिट येत होती, लपवून लग्न लावून दिलं, आता घेऊन जा. माहेरचे खाली मान घालून बसले होते. आमच्यातल्या एकीनं साधा प्रश्न विचारला, 'तिन्ही वेळा कुठे पडलीस?' तिन्ही वेळा न्हाणीघरात. गीझर आत, झरोक्याला पुठ्ठा. हे सगळं लिहून तिला डॉक्टरांकडे पुन्हा नेलं. गीझर बाहेर गेला. त्यानंतर झटका आला नाही, आणि पुढे डॉक्टरांनी गोळ्याही कमी करत बंद केल्या. स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही इथेच सांगते.

आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांविषयी लिहिलं आहे, त्याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावही पडलं आहे. आपल्याकडे मात्र बाई पडली की कारणं तयारच असतात. अशक्तपणा, उपास, अंगात येणं, नाटकं, बाहेरचं काही. म्हणून चक्कर किंवा झटका आलेली कुणीही भेटली तर 'कुठे?' आणि 'काय पेटलेलं होतं?' हे दोन प्रश्न विचारायचेच. आणि समजा तिला खरोखर अपस्मार असेल, तरी तिला टाकून देता येत नाही. १९९९ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला आहे, हे सासरच्यांना ठणकावून सांगा.

कुणी न्हाणीघरात पडलेली सापडली तर सगळ्यांनी आत घुसायचं नाही. दार उघडा किंवा तोडा, गीझर आणि गॅस बंद करा, एकानं श्वास रोखून तिला बाहेर मोकळ्या हवेत ओढून आणा. तोंडाला ओला रुमाल बांधून या वायूपासून बचाव होत नाही. कांदा हुंगवणं, नाकाला चप्पल लावणं यात वेळ घालवू नका. अंगावर चादर टाका आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि कुणाला येत असेल तर छाती दाबत राहा. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य हे, 'बंद खोलीत गॅस गीझर चालू होता' किंवा 'शेगडी होती.' करोनाच्या साथीनंतर आपल्या आशाताईंकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं. या विषबाधेत ते फसवतं. विषारी हिमोग्लोबिनलाही ते चांगलंच समजतं आणि ९८ दाखवतं. आकडा चांगला आहे म्हणून घरी परत नेऊ नका. मास्कनं भरपूर प्राणवायू देणं हाच उपचार आहे. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास.

मृत्यू झालाच तर

हे बोलणं जड आहे, पण आपल्या कामात ते टळत नाही. ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडाला' या एका वाक्याखाली किती सुना जाळल्या गेल्या, ते आपल्या चळवळीनं रस्त्यावर येऊन सांगितलं. म्हणून आज कुणी 'गीझरच्या गॅसनं गेली' म्हणालं की आपल्या मनात शंका येते. ती यायला हवी. पण दर वेळी ती खरीच असेल असंही नाही. दोन्ही बाजूंनी सत्य रक्तात असतं. शवविच्छेदनात रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करायला सांगा, तशी लेखी मागणी द्या. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाची तरतूद कायद्यातच आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. पंचनाम्यात झरोका उघडा होता की बंद, कडी आतून होती की बाहेरून, गीझरचं बटण कुठे होतं, नळी कुठे जात होती, हे लिहिलं गेलं पाहिजे. त्यातून खून असेल तर खून बाहेर येईल. आणि अपघात असेल तर गीझर आत बसवून देणाऱ्याला 'तिचं नशीब' म्हणून सुटता येणार नाही.

चूल अजून विझलेली नाही

गॅसवाल्यांबद्दल इतकं बोलले, तरी धोदाणी-मालडुंग्याकडच्या वाड्यांवर आणि वीटभट्ट्यांवरच्या खोपटांत चूलच आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, बाईच्या नावावर जोडणी आली, ही चांगलीच गोष्ट. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की तो कोपऱ्यात उभा राहतो आणि चूल पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली.

बिनधुराच्या चुलीचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली, ऐंशीच्या दशकात सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुष्कळ चुली मात्र वर्षा-दोन वर्षांत धुराड्यासकट मोडून पडल्या, कारण बसवणारा निघून गेला आणि दुरुस्ती बाईवर सोडून गेला. आपण तेवढं तरी शिकवू शकतो. धुराडं पंधरवड्याला झटकायचं, चुलीच्या आणि नळीच्या सांध्यातली भेग मातीनं लिंपायची, नळीचं टोक छपराच्या वर काढून त्यावर टोपी बसवायची, पावसाळ्याआधी लाकूड कोरडं साठवायचं. आणि झोपताना निखारे घरात ठेवायचे नाहीत.

आता काय करायचं

इथून जाताना प्रत्येक गटानं आपापल्या वस्तीतली वीस घरं घ्यायची. पाच प्रश्न: गीझर आत की बाहेर? झरोका आहे का, आणि बुजवला असेल तर का? खाली हवा यायची वाट आहे का? घरात बाळंतीण आहे का, शेगडी कुठे ठेवतात? न्हाणीघरात कुणाला कधी चक्कर आली का? तिसऱ्या महिन्यात हे कागद एकत्र बघू.

मग ते घेऊन सोसायटीच्या सभेत जाऊ. घर नवऱ्याच्या नावावर म्हणून बाईला सभेत बोलता येत नाही, असं सांगतील. त्याच्या सहीनं पत्र द्या, पण मजकूर तुमचा असू द्या. भाडेकरू बायकांनी घरमालकाला लेखी पत्र द्यावं. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नं त्याच्यावर टाकलेली आहे. एकटी गेली तर खोली खाली करायला सांगतील, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या. पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे. न्हाणीघराला हवा हवी असं बांधकामाचे नियम सांगतात. नव्या इमारतीला दाखला देताना झरोका गॅलरीत उघडतो की मोकळ्या हवेत, हे पाहा, अशी मागणी आपण प्रभागात करू. आणि झरोक्यातून बघणाऱ्याची तक्रार आली तर ती किरकोळ म्हणून बाजूला ठेवायची नाही. चोरून बघणं हा गुन्हा आहे. तो बघतो म्हणून ती झरोका बुजवते, आणि झरोका बुजला म्हणून ती मरते. ही साखळी आपण कागदावर मांडली पाहिजे.

बाईला कुणी बघू नये आणि तिला श्वासही घेता यावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागायच्या आहेत. त्यांतली एक सोडून द्या असं कुणी सांगितलं, मग तो बिल्डर असो, घरमालक असो की घरातलं माणूस, तर ऐकायचं नाही. आता चहा घ्या आणि वीस-वीस घरांच्या याद्या करायला बसू.